ढगाखालचा उजेड

"मीठ बघ गं," म्हणत सत्यभामानं डावातली आमटी फलकच्या तळहातावर ओतली. फलकनं ती चाटली, ओढणीला हात पुसला आणि नुसती मान हलवली. कमी आहे की जास्त, त्या मानेवरून काही कळलं नाही.

"तोंडानं सांग की."

"बरोबर आहे, मावशी."

सत्यभामानं तरी चिमूटभर मीठ टाकलंच. गेल्या आठवड्यापासून या पोरीला सगळंच बरोबर लागत होतं, म्हणजे कशालाच चव लागत नव्हती.

धाराशिवच्या बाहेर, तेरच्या रस्त्याकडच्या माळावर विमान चालवायला शिकवणारी ही शाळा. एक धावपट्टी, छोटी विमानं ठेवायचं पत्र्याचं मोठं शेड, मुलामुलींच्या राहायच्या खोल्या आणि मेस. मेसचा स्वयंपाक पहिल्यापासून सत्यभामाकडं होता. चातुर्मासात सूर्य दिसल्याशिवाय ती अन्नाचा कण तोंडात घालत नसे. सासूनं धरलेलं व्रत सासू गेल्यावर तिनं उचललं होतं. आषाढ-श्रावणात या भागात पाऊस पडो न पडो, आभाळ असतंच. कधी सूर्य दुपार टळल्यावर तोंड दाखवी, कधी दाखवतच नसे आणि दिवस पाण्यावर जाई. उपाशीपोटी एवढ्या पोरांचं रांधायचं आणि चव बघायची नाही. म्हणून चव बघायचं काम फलककडं आलं होतं. त्याची फेड रमजानात होई. तेव्हा फलकचा रोजा असे, आणि अंधारातच येऊन सत्यभामा तिच्या रोज्याआधीच्या सहरीची भाकरी गरम करून देई.

फलक उमरग्याची. हायवेला तिच्या अब्बांचं टायरचं दुकान होतं. पोरीला पहिल्यांदा सोडायला आली तेव्हा तिची आई, फरिदाबी, विमानं बघायला गेलीच नाही, सरळ स्वयंपाकघरात आली, डब्यांची झाकणं उघडून बघितली आणि सत्यभामाला म्हणाली, "वर गेली की अल्ला बघंल. खाली तुमी बघा."

मागच्या दाराची सावली हलली आणि मॅनेजर शिवशंकर आत आले. त्यांना बघून फलक उठली आणि दुसऱ्या दारानं निघून गेली.

शिवशंकर आवाज न चढवणारे गृहस्थ. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं, की उद्या मुंबईहून चौकशीचे साहेब येणार आहेत, ते विचारतील तेवढ्यालाच उत्तर द्यायचं, कामाच्या माणसांनी मध्ये पडायचं नाही. स्वयंपाकघरातून आभाळातलं काय दिसणार, असंही ते हसून म्हणाले. जाता जाता दारात थांबले.

"सत्यभामाबाई, तुम्ही त्या दिवशी आतच होता ना?"

तिनं आमटीखालचा गॅस बारीक केला.

"आतच होता," त्यांनीच उत्तर दिलं. "शेवटी इथलं मीठ खातो आपण सगळे."

"म्या तर न्हाय खात, साहेब," ती हळूच म्हणाली. "सूर्य दिसस्तोवर चव बी घेत न्हाय."

शिवशंकर हसले, पण ते हसू ओठांवरच थांबलं.

त्या दिवशी ती आत नव्हती.

सकाळपासून आभाळ गच्च होतं. भाज्या चिरून झाल्या, कणीक मळून झाली, तरी उजेडाचा पत्ता नाही. तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन ती मागच्या ओट्यावर येऊन उभी राहिली. या ओट्यावर भांडी घासतात. तिथून तेरच्या बाजूचं आभाळ मोकळं दिसतं. बऱ्याच वेळानं त्या बाजूला ढगाच्या कडेला पांढरा उजेड फुटला. ढगाआडचा सूर्य असाच दिसतो, कधी कधी नुसता वाटीएवढा. तिनं पाणी सोडलं, हात जोडले, डोळे मिटून सूर्याची नावं घेतली आणि डोळे मिटलेले असतानाच गुळाचा खडा तोंडात टाकला.

मग आवाज आला. ओट्यावरची पत्र्याची बादली थरथरायला लागली. तिनं डोळे उघडले तेव्हा उजेड होता तिथं नव्हता. तो खाली सरकला होता, वाढला होता, आणि त्याच्यामागून ढग फाडून मोठ्या विमानाचं पांढरं पोट बाहेर आलं. त्याच्या तोंडासमोर पतंगाएवढं शाळेचं विमान होतं. पतंगाचा एक पंख एकदम खाली गेला. ते कलंडलं, दगडासारखं सुटलं, आणि मोठं विमान त्याच्या डोक्यावरून निघून पुढच्या ढगात शिरलं. सत्यभामानं श्वास घेतला तेव्हा छोटं विमान पुन्हा सरळ झालं होतं. आत फलक होती. एकटीच.

ती उतरली ती आपटूनच. एक चाक मोडलं, विमान फरपटत गवतात गेलं. सत्यभामा तांब्या घेऊन धावली तेव्हा पोरगी आपल्या पायांनी बाहेर येऊन गवतात बसली होती. "मावशी, ते विमान समोर होतं," एवढंच ती म्हणाली आणि तिला उलटी झाली.

शेजारच्या शहराला मोठी विमानं नुकतीच सुरू झाली होती. त्यांची खाली उतरायची वाट या माळावरून होती. त्यांची वेळ झाली की शाळेनं आपली विमानं जमिनीवर ठेवायची, असं ठरलेलं होतं. त्या दिवशी ते राहून गेलं. पण शाळा म्हणत होती ते वेगळंच. शाळेचं म्हणणं, मोठं विमान ढगांच्या वरच होतं. त्याच्या वैमानिकांना काही दिसलं नाही. ही मुलगी नको सांगितलेलं असताना ढगात घुसली, घाबरली आणि विमान मोडून बसली. मुख्य प्रशिक्षक महालिंगप्पा यांनी तिचं उडणं बंद केलं. चूक कबूल कर, म्हणजे पुन्हा वर सोडू, असं तिला सांगण्यात आलं. तिनं कबूल केलं नाही. उलट मुंबईच्या सरकारी ऑफिसला स्वतःच सगळं कळवलं. आता चौकशीत ती खोटी ठरली तर तिला घरी जावं लागणार होतं. आणि उमरग्याला तिचे दोन चुलते अब्बांना म्हणायलाच बसले होते, की पोरीच्या जातीला आभाळ कशाला. घरी गेलेल्या फलकला पुन्हा कुणी वर सोडणार नव्हतं.

हे सगळं सत्यभामाला माहीत होतं. तरी ती आठवडाभर गप्प होती. बोलायचं तर ओट्यावर का उभी होतीस, हे सांगावं लागलं असतं. हात कुणाला जोडलेस, हेही. गावातल्या बायका व्रत धरायचं झालं की आधी तिला येऊन विचारायच्या. आणि ती विमानाच्या दिव्याला सूर्य समजून गूळ खाऊन बसली होती. त्या दिवशी पुढं तिनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी घरी निघताना ती फाटकापाशी थांबली. जैनोद्दीन तिथला राखणदार. फाटकाजवळच्या खोलीत त्याचा स्टूल, बॅटरी आणि पाण्याचा माठ. वयानं तिच्याबरोबरीचा.

"जैनोद्दीनभाई, तुमी काय सांगणार उद्या?"

"मला दोन आवाज आले, बाई. एक बारका, एक मोठा. तेवढंच सांगणार. पत्र्याखाली होतो, बघितलं न्हाय. बघितलं न्हाय ते बघितलं कसं म्हणू?" त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. "तुमी बघितलं व्हय?"

तिनं सांगितलं. उजेड, हात, गूळ, सगळं. सांगताना ती फाटकाच्या गजाकडं बघत होती. जैनोद्दीन हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"गूळ गिळला?"

"विरघळला. थुकू का गिळू, कळंच ना."

त्यानं स्टूल तिच्याकडं सरकवला. मग त्यानं त्याच्या लहानपणची गोष्ट सांगितली. रमजानचा चांद दिसायचा होता आणि आभाळ असंच भरलेलं. सगळं गाव छपरांवर चढलं, कुणाला काही दिसलं नाही. रात्रीच्या नमाजाच्या आधी बांगड्या विकणारी एक म्हातारी मशिदीच्या पायरीशी आली आणि म्हणाली, ढग फाटला तेवढ्यात मी बघितला. सकाळी गावानं रोजा धरला.

"तिच्या एकटीच्या शब्दावर?"

"आभाळ साफ असलं की गवाहीला लई माणसं लागतात, बाई. सगळ्यांना दिसाय पायजे ना. आभाळ भरलं की एकाची बी चालते. बाईची बी."

"आन् ती लबाड बोलली असली तर?"

"उपाशी तर तिला बी राहायचं होतं," जैनोद्दीन म्हणाला. "उपाशी राहायला कोण लबाड बोलतंय?"

घरी तिनं जेवण वाढता वाढता उत्तरेश्वरला सांगून टाकलं. तो शांत माणूस. शेतातलं असो की घरातलं, आधी ऐकून घ्यायचा. काम जाईल, एवढंच तो प्रथम म्हणाला. जाऊ दे, ती म्हणाली. मग गाव हसंल, म्हणाला. त्यावर तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली.

"पोरगी पडली असती तर गाव रडलं असतं का? तिच्या आईला काय सांगणार होते म्या, की हसतील म्हणून गप बसले?"

उत्तरेश्वरनं भाकरी मोडली. "सांग मग," तो म्हणाला. "पण नीट सांग. घाबरून अर्धंच सांगू नको."

चौकशी वर्गात होती. फळ्यावर कुणीतरी काढलेली विमानाची आकृती तशीच होती. साहेब मध्यमवयीन, प्रवासानं दमलेले. एका बाजूला शिवशंकर आणि महालिंगप्पा, भिंतीकडच्या खुर्चीत फलक. हात मांडीवर, ओढणीचं टोक बोटांत. जैनोद्दीनचं सांगून झालं होतं. दोन आवाजांचं महालिंगप्पांनी असं उत्तर दिलं, की मोठं विमान वरून गेलंच होतं, ते कोण नाकारतंय; प्रश्न ते ढगाच्या खाली आलं का एवढाच आहे. यंत्रांतल्या नोंदी यायला वेळ लागणार, असं साहेबच म्हणाले.

सत्यभामा चहा घेऊन आत गेली. ट्रे टेबलावर ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"काय बाई?" साहेबांनी विचारलं.

"मला सांगायचंय. बोलावलं न्हाय कुणी, पण सांगायचंय."

"या स्वयंपाकाच्या," शिवशंकर मृदूपणे म्हणाले. "त्या तेव्हा आत..."

"भायेर व्हते. मागच्या ओट्यावर."

शिवशंकर थांबले. सत्यभामानं सांगायला सुरुवात केली. तिचा आवाज मुळातच बारीक. साहेबांनी उठून पंखा बंद केला. ती सांगत गेली तसे महालिंगप्पा आधी छताकडं बघत होते, मग तिच्याकडं, आणि हात जोडल्याचं आलं तसे मोठ्यानं हसले.

"म्हणजे विमानाला नमस्कार केला तुम्ही?"

"केला," ती म्हणाली.

मागं उभी असलेली दोन-चार मुलंही हसली. फलक हसली नाही. तिनं ओढणीचं टोक सोडून दिलं.

"तो सूर्य नव्हता, हे कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"सूर्य जागा सोडत न्हाय, साहेब. ह्यो उजेड सरकत खाली आला. ढग मागं राहिला आन् विमानाचं पोट दिसलं. त्याच्यासमोर हिचं विमान व्हतं. तिनं खाली घातलं म्हणून वाचली."

महालिंगप्पांनी शांतपणे सांगितलं, की बाई भली आहे, भाविक आहे, मुलीवर तिचा जीव आहे हे सगळ्या मेसला ठाऊक आहे. पण सकाळपासून पोटात अन्न नाही, डोळे मिटलेले, वर आभाळ. "उपाशी माणसाला काहीही दिसतं, सर," ते म्हणाले.

सत्यभामानं पदर खांद्यावर सारखा केला.

"डोळे मिटले व्हते तवा उजेड सूर्य व्हता. उघडल्यावर विमान झालं. साहेब, हे व्रत माझ्या सासूबाईचं. त्यांच्या हातात कधी मोडलं न्हाय, माझ्या हातात बी न्हवतं. त्या दिवशी मोडलं. मला लबाडच बोलायचं असतं तर म्या सूर्य दिसला म्हणले असते, दोन घास खाल्ले असते, आन् आज बी गावात मान राहिला असता. माझं व्रत मोडलं, ही लबाडी म्या कुणासाठी सांगू? पोटच्या पोरीसाठी बी सांगितली नसती."

चहावर साय धरली होती.

"पूर्ण नाव सांगा," साहेब म्हणाले आणि त्यांनी ते लिहून घेतलं. मग उठले. "तो ओटा दाखवता का?"

घासायला टाकलेल्या पातेल्यांमधून वाट काढत साहेब ओट्यावर चढले. सत्यभामा खाली उभी राहिली आणि तिनं हात वर करून दाखवलं: इथं फुटला, इथवर आला, इथं पोरगी होती. साहेब तिच्या बोटाच्या रेषेत मान वळवून बघत राहिले. महालिंगप्पा ओट्यापाशी आले, पण वर चढले नाहीत. शिवशंकर बादलीकडं बघत होते.

नोंदी यायच्या तेव्हा येतील. पण फलकला घरी पाठवलं नाही. मोठ्या विमानाच्या वेळेला छोटी विमानं खाली ठेवायची, हे आता कागदावर नव्हे तर शेडच्या दारावर रंगवलं गेलं, असं जैनोद्दीननं कळवलं. सत्यभामाला ते बघायला मिळालं नाही. मेसच्या ठेकेदारानं पुढच्या आठवड्यापासून दुसरी बाई लावली होती. तसं सांगताना तो म्हणाला, की त्याच्या मनात काही नव्हतं, वरून निरोप होता. तिनं आपला डाव मागितला. तो तिनं घरून आणलेला होता. तेवढा घेऊन ती निघाली.

गाव हसलं, उत्तरेश्वर म्हणाला होता तसंच. हापशावर शेजारची अयोध्या विचारायची, "काय सत्यभामाकाकू, आज कुठलं विमान पावलं?"

"अजून न्हाय आलं," सत्यभामा घागर उचलता उचलता म्हणायची. "आलं की तुला बी हाक मारते. तू बी हात जोड, तुझा दादला सुधरंल."

मग अयोध्याच हसत सुटायची, आणि हळूहळू ते विचारणं बंद झालं. मोडलेलं व्रत पुढं चालवायचं का, असं उत्तरेश्वरनं एकदा विचारलं. मोडलं म्हणून सोडायचं नसतं, ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या घेऊन अंगणात उभी राहिली.

भादव्यात एका सकाळी जैनोद्दीन ड्युटीवर जाताना सायकलवरून उतरला. आज पोरगी वर जाणार आहे, एकटी, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, एवढं सांगायला आला होता.

"मीठ कोण बघतंय आता?" तिनं विचारलं.

"कुणी न्हाय. रोज खारट." तो पायडलवर पाय ठेवून थांबला. "पोरगी म्हणते, मावशी उपाशी असून बरं रांधायची."

तो गेला. सत्यभामा अंगणाच्या कोपऱ्यात तुळशीपाशी उभी राहिली. एका हातात तांब्या, एका हातात गूळ. आभाळ त्या दिवसासारखंच भरलेलं. तेरच्या बाजूला, ढगाच्या कडेला, पांढरा उजेड फुटला.

तिनं हात जोडले नाहीत. ती बघत राहिली.

उजेड सरकला. बारीक आवाज आला, आणि ढगाच्या खालून, पतंगाएवढं, ते विमान निघालं. सत्यभामानं त्याच्या मागचं आभाळ बघितलं, पुढचं बघितलं, वरचा ढग बघितला. कुठंच दुसरं काही नव्हतं. मग तिनं तांब्या खाली ठेवला, गुळाचा खडा तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला, आणि हात जोडले. या वेळी डोळे उघडे ठेवून.

विमान दिसेनासं झाल्यावर तिनं तांब्या पुन्हा हातात घेतला. गूळ तसाच राहू दिला. सूर्य अजून निघायचा होता.